नाव तेच, ओळख वेगळी

जुना डेस्कटॉप बंद पडला, मदरबोर्डवर खर्च करण्यात अर्थ उरला नाही, पण आतली हार्ड डिस्क धडधाकट आहे. मग ती काढायची, केसिंगमध्ये बसवायची, यूएसबी केबलने नव्या लॅपटॉपला जोडायची आणि साठवणीला वापरायची. घरोघरी हे होतं आणि व्हायलाही हवं; चालती वस्तू भंगारात कशाला घालायची? विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या मशिनांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे अशा सुट्या डिस्क आता आणखी कपाटांत जमणार आहेत.

डिस्क जोडली की ती 'ई' किंवा 'एफ' ड्राइव्ह म्हणून दिसते. गाण्यांचं फोल्डर उघडतं, सिनेमांचं उघडतं. 'युजर्स'मध्ये शिरून आपल्या जुन्या नावाच्या फोल्डरवर दोनदा क्लिक केलं, की मात्र विंडोज अडवतं: या फोल्डरमध्ये जायची परवानगी सध्या तुम्हाला नाही. घरातल्या लग्नाचे फोटो, मुलांच्या दाखल्यांचे स्कॅन, घराच्या कर्जाची कागदपत्रं नेमकी तिथेच असतात. माणूस चक्रावतो. डिस्क माझी, फोल्डरवर नाव माझं, पासवर्डही मीच घातलेला. मग मला अडवणारं हे कोण?

याचं उत्तर नीट समजलं तर पुढचं काम सोपं होतं. न समजता कुठूनतरी उचललेल्या आज्ञा चिकटवत गेलं, तर सुस्थितीतली डिस्कही बिघडवून ठेवता येते. म्हणून आधी जरा मागे जाऊ.

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात हा प्रश्नच नव्हता. तेव्हाच्या डिस्कवरची मांडणी फॅट किंवा फॅट३२ पद्धतीची असायची आणि फाइलीचा मालक कोण, हे नोंदवायला त्या पद्धतीत जागाच नव्हती. डिस्क हातात आली की सगळं उघडं. एनटीएफएस ही नवी पद्धत मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर आणली, पण ती कचेऱ्यांसाठी होती. सर्वसामान्य घरांत ती पसरली २००१ च्या विंडोज एक्सपीपासून. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलीला आणि फोल्डरला एक मालक नोंदलेला असतो आणि सोबत एक यादी असते: कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, कुणी पुसायचं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ही यादी आहे म्हणून फाइलीतला मजकूर काही बदललेला नसतो. तो डिस्कवर जसाच्या तसा, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा पडलेला असतो. यादी वाचून अडवायचं काम त्या वेळी चालू असलेलं विंडोज करतं. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन वहीतली नावं बघून आत सोडतो आणि आतल्या फ्लॅटच्या दाराला मात्र कडीही नाही, असा हा प्रकार आहे.

शिवाय या यादीत माणसांची नावं नसतात, आकडे असतात. विंडोजमध्ये खातं उघडलं की त्याला एक ओळख क्रमांक मिळतो. कॉम्प्युटरवाले त्याला 'सिड' म्हणतात. एस-१-५-२१ अशी त्याची सुरुवात होते, मग तीन लांबलचक आकडे येतात आणि शेवटी एक छोटा आकडा. मधले तीन आकडे विंडोज बसवलं जातं तेव्हा त्या मशिनपुरते, कुठलाही नेम न ठेवता तयार केले जातात. शेवटचा आकडा खात्याचा: मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा ५००, गेस्टचा ५०१ आणि आपण उघडलेल्या खात्यांचे १००० किंवा त्यापुढचे. जुन्या मशिनवरच्या 'सुनीता'चा आणि नव्या मशिनवरच्या 'सुनीता'चा पासवर्डही अगदी एकच असला, तरी मधले आकडे वेगळे म्हणून विंडोजच्या लेखी या दोन परक्या बायका. एवढंच काय, त्याच मशिनवर खातं पुसून त्याच नावाने पुन्हा उघडलं तरी क्रमांक नवा पडतो.

अडलेल्या फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि मग 'सिक्युरिटी' उघडलं, तर हे डोळ्यांनी दिसतं. तिथे 'अकाउंट अननोन' असं लिहून पुढे तो लांबलचक क्रमांक दिलेला असतो. घाबरून जाऊ नये. हा व्हायरस नव्हे. तो जुना क्रमांक आपलाच आहे. क्रमांकावरून नाव सांगणारी नोंद जुन्या विंडोजपाशी राहिली आणि नव्याला ती माहीत नाही, इतकंच.

मग गाण्यांचं फोल्डर का उघडलं? कारण काही क्रमांक जगातल्या प्रत्येक विंडोजवर सारखेच असतात. 'एव्हरीवन' म्हणजे एस-१-१-०. 'ऑथेंटिकेटेड युजर्स', म्हणजे रीतसर लॉगिन केलेलं कुणीही, एस-१-५-११. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' हा गट एस-१-५-३२-५४४. डी ड्राइव्हवर थेट आपण एखादं फोल्डर केलं, की त्याच्या यादीत 'ऑथेंटिकेटेड युजर्स'ना सहसा बदल करण्यापर्यंतची मुभा आपोआप मिळते. हा क्रमांक नव्या लॅपटॉपलाही ओळखीचा असल्यामुळे गाणी बिनबोभाट वाजतात. 'युजर्स'मधलं आपल्या नावाचं फोल्डर मात्र खासगी मानलेलं असतं. त्याच्या यादीत तीनच नोंदी असतात: 'सिस्टिम', 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' आणि ते एक खातं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही सगळी मंडळी त्याच फोल्डरच्या पोटात राहतात. सर्वांत मोलाचं तेच का अडतं, ते यावरून कळतं.

आता कुणी विचारेल, यादीत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आहेत, नव्या लॅपटॉपवर मी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, तरी अडवणूक का? २००७ मध्ये घराघरांत आलेल्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने एक खबरदारी घेतली. तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असलात तरी रोजच्या कामात तुमचे ते अधिकार बाजूला काढून ठेवलेले असतात. स्क्रीन मंद होऊन 'होय किंवा नाही' विचारणारी चौकट येते, तिथे 'होय' म्हटलं की तेवढ्या कामापुरते ते हातात दिले जातात. फोल्डर दाखवणारा एक्सप्लोरर साध्या अधिकारांनिशी चालतो, म्हणून तो अडतो. माझ्या मते ही खबरदारी योग्यच आहे. चुकून चालवलेल्या एखाद्या घातक प्रोग्रामच्या हाती अख्खं मशिन जाण्यापेक्षा एक चौकट जास्त आलेली बरी.

अडवणाऱ्या त्या संदेशाखाली 'कंटिन्यू' असं बटण असतं. ते दाबलं की विंडोज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार वापरून तुमच्या नव्या खात्याचा क्रमांक त्या फोल्डरच्या यादीत लिहितं, आतल्या प्रत्येक फोल्डरच्या आणि फाइलीच्या यादीतही लिहितं, आणि दार उघडतं. फाइली हजारोंनी असल्या तर हिरवी पट्टी सावकाश सरकत राहते. ती मध्येच थांबवू नये. पुष्कळ लोकांचं काम इथेच होतं. हा बदल कायमचा असतो हे त्या संदेशातही लिहिलेलं आहे, पण ते वाचतं कोण?

मात्र ते बटण दाबण्याआधी डिस्कच्या तब्येतीकडे बघावं. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो यूएसबीच्या साध्या खाचेतून मिळत नाही, म्हणून तिच्या केसिंगला वेगळा अ‍ॅडॅप्टर हवा. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर, केबलमधूनच चालते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, ती मध्येच दिसेनाशी होत असेल किंवा एकेका फाइलीला मिनिटं लागत असतील, तर यादी बदलायच्या भानगडीत पडूच नये. यादी बदलणं म्हणजे मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर हजारो ठिकाणी लिहिणं. अशा वेळी फक्त वाचायचं, आणि तेही सर्वांत मोलाचं आधी. आवाज खराब असेल तर सरळ बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. तशीच आणखी एक धोक्याची चौकट असते: 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा'. आतलं काही हवं असेल तर तिथे 'होय' कधीही म्हणायचं नाही.

'कंटिन्यू' दाबूनही काही फोल्डर उघडत नाहीत. विंडोज सांगतं की परवानगी नाकारलेली आहे, सिक्युरिटी टॅबमधून पाहा. विंडोज एक्सपीच्या डिस्कवर हे बऱ्याचदा होतं. एक्सपीमध्ये खात्याला पासवर्ड लावताना 'तुमच्या फाइली खासगी करायच्या का?' असं विचारलं जायचं. तिथे 'होय' म्हटलं असेल तर यादीतून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटही वगळला जाई. एक्सपीचं ते फोल्डर 'युजर्स'मध्ये न सापडता 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये सापडतं, हेही ध्यानात ठेवावं.

अशा वेळी मालकी बदलावी लागते. विंडोजचा नियम असा की यादीत नाव असो वा नसो, फाइलीच्या मालकाला ती यादी बदलण्याचा हक्क असतोच. आणि मालकी आपल्याकडे घेण्याचा खास हक्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला असतो. सिक्युरिटीमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' उघडायचं. वर 'ओनर'पुढे 'चेंज' दिसतं, तिथे आपलं नवं खातं घालायचं आणि आतल्या सगळ्या फोल्डरांनाही हाच मालक लावण्याच्या चौकोनात खूण करायची. इथवर आल्यावर बरेच जण हताश होतात, कारण मालकी मिळूनही फाइली उघडत नाहीत. मालकाला यादी बदलता येते, पण यादीत त्याचं नाव अजून कुठे आहे? खिडकी बंद करून पुन्हा उघडायची, यादीत आपलं खातं घालून त्याला पूर्ण मुभा द्यायची, तेव्हा काम पुरं होतं. कमांड प्रॉम्प्टवर यासाठी दोन वेगवेगळ्या आज्ञा आहेत, मालकीसाठी 'टेकओन' आणि यादीसाठी 'आयकॅकल्स', त्या याच कारणाने.

या आज्ञा चालवताना एक नियम कडक पाळावा. ज्या फोल्डरमधलं हवं आहे त्याच फोल्डरवर चालवायच्या. अख्ख्या ड्राइव्हवर नाही, आणि चालू विंडोज असलेल्या सी ड्राइव्हवर तर चुकूनही नाही. 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरांमधल्या बऱ्याच फाइलींचा मालक 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' नावाची विंडोजचीच एक सेवा असते. चालू मशिनवर तिची मालकी काढून घेतली, तर पुढे अपडेट अडखळू लागतात आणि कारण सापडता सापडत नाही. जुन्या डिस्कवरच्या त्या फोल्डरांशी तर झगडण्याचं कारणच नसतं. जुनं 'प्रोग्राम फाइल्स' उचलून नव्या मशिनवर ठेवल्याने बहुतेक प्रोग्राम चालत नाहीत. त्यांच्या नोंदी जुन्या विंडोजच्या रजिस्ट्रीत राहिलेल्या असतात.

खरं तर मला स्वतःला मालकी बदलण्यापेक्षा दुसरा रस्ता जास्त पसंत आहे. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला यादीत कुणाचंही नाव असलं तरी सगळं वाचता यायलाच हवं, नाहीतर बॅकअप कसला? म्हणून विंडोजमध्ये बॅकअपचा वेगळा हक्क आहे आणि तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला मिळालेला असतो. व्हिस्टापासून विंडोजसोबतच येणारी 'रोबोकॉपी' ही आज्ञा तो हक्क वापरू शकते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि रोबोकॉपीला जुनं फोल्डर व नवी जागा सांगायची. सोबत पर्याय द्यायचे: 'ई' म्हणजे आतली सगळी फोल्डर घे, 'बी' म्हणजे बॅकअपच्या हक्काने वाच. जुन्या डिस्कवरचं एकही अक्षर न बदलता फाइली नव्या जागी येतात, आणि येताना नव्या जागेची यादी अंगावर घेतात. जुना अनोळखी क्रमांक मागेच राहतो. (आज्ञा देताना 'आर' आणि 'डब्ल्यू' हे पर्याय १ वर ठेवावेत. ते न दिल्यास रोबोकॉपी न वाचता येणाऱ्या एकेका फाइलीसाठी दर ३० सेकंदांनी असा १० लाख वेळा प्रयत्न करत बसते.)

उतरवणं आणि हलवणं यातला फरकही इथे कामी येतो. फाइल एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर गेली की तिला नव्या घराचे नियम लागतात. त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात नुसती हलवली, तर जुनी यादी तिच्याबरोबरच जाते. त्याच डिस्कवर 'नवं फोल्डर' करून त्यात सगळं ओढलं तरी कुरकुर का संपत नाही, याचं कारण हे.

रोबोकॉपीला आणखी एक पर्याय द्यावा, 'एक्सजे'. व्हिस्टानंतरच्या डिस्कवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज', 'माय म्युझिक', 'अ‍ॅप्लिकेशन डेटा' अशा नावांची पुसट, लपवलेली फोल्डर दिसतात आणि ती काही केल्या उघडत नाहीत. पुष्कळांचा निम्मा वेळ यांच्याशी कुस्ती करण्यात जातो. ती खरी फोल्डर नसतातच. एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रामांना जुने पत्ते सापडावेत म्हणून ठेवलेल्या त्या नुसत्या पाट्या आहेत, 'इकडे नको, तिकडे जा' सांगणाऱ्या. आत काय आहे ते कुणी चाळू नये म्हणून 'एव्हरीवन'ला तिथे मुद्दाम मनाई लिहिलेली असते. या पाट्यांवर पत्ता असतो तो सी ड्राइव्हचा. जुनी डिस्क आता 'ई' झाली असली तरी तिच्यावरची 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'ची पाटी तुम्हाला नव्या लॅपटॉपच्याच सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स'मध्ये नेते. तिथली मनाई हटवून कुणी 'जुन्या डिस्कवरचं' म्हणून काही पुसलं, तर पुसलं जातं ते नव्या मशिनवरचं. 'अ‍ॅप्लिकेशन डेटा'ची एक पाटी तर ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच फोल्डरकडे परत बोट दाखवते. मनाई काढली तर उतरवणारा प्रोग्राम आत, आणखी आत असा फिरत राहतो. 'एक्सजे' म्हणजे या पाट्यांकडे दुर्लक्ष कर. त्यांच्या मागे आपलं काहीही नसतं.

आतापर्यंत जे उपाय सांगितले त्यांत जुना पासवर्ड कुठेच लागला नाही. जुन्या खात्याचा पासवर्ड विसरलेला असो, ते खातं दिवंगत वडिलांचं असो, फोल्डर उघडतंच. कारण अडवणारं होतं ते नवं विंडोज, आणि त्याच्यापुढे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तुम्ही. उबुंटूसारख्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशिन सुरू करून तीच डिस्क जोडली, तर बहुधा कुणी काही विचारतही नाही. लिनक्स एनटीएफएसची डिस्क वाचतं, पण त्या यादीची अंमलबजावणी एरवी करत नाही. लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कवर मालकाचे क्रमांक छोटे असतात, बहुतेक ठिकाणी पहिल्या खात्याचा १०००. त्यामुळे एका मशिनवरच्या १००० ची डिस्क दुसऱ्या मशिनवरच्या १००० ला आपलीच वाटते, माणसं वेगळी असली तरी.

यातली दुसरी बाजू मला फार महत्त्वाची वाटते. विंडोजला पासवर्ड आहे म्हणून आपले कागद सुरक्षित आहेत, अशी अनेकांची खात्री असते. मशिन दुरुस्तीला देताना किंवा विकताना ते निर्धास्त असतात. ज्याच्या हातात डिस्क आहे त्याच्यासमोर तो पासवर्ड टिकत नाही. टिकतं ते कूटलेखन, म्हणजे एन्क्रिप्शन; तिथे मजकूरच गणिताने बदललेला असतो आणि किल्ली नसेल तर कुठलाही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, कुठलंही लिनक्स काही करू शकत नाही. म्हणून जुन्या डिस्कवर हात घालण्याआधी हे दोन प्रकार वेगळे ओळखता यायला हवेत.

खूण सोपी आहे. विंडोज २००० पासून व्यावसायिक आवृत्त्यांमध्ये 'ईएफएस' नावाची सोय आहे. तिने कूटबद्ध केलेल्या फाइलींची नावं जुन्या विंडोजमध्ये हिरवी दिसत, विंडोज १० मध्ये त्यांच्या चित्रावर छोटं कुलूप दिसतं. इथे फोल्डर उघडतं, नावं दिसतात, पण फाइल उघडताना नकार मिळतो. मालकी घेऊनही नकारच. तिची किल्ली जुन्या खात्याशी आणि त्याच्या पासवर्डाशी बांधलेली असते. किल्लीची प्रत वेळीच काढून ठेवली असेल तर ती नव्या मशिनवर चढवली की फाइली उघडतात. जुनं विंडोज अजून चालू होत असेल आणि पासवर्ड आठवत असेल, तर तिथूनच कूटलेखन काढून घ्यावं. तो पासवर्ड दुसऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडून बदलून घेणं मात्र घातक: त्या जबरदस्तीच्या बदलाने किल्ली निकामी होते. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्डही असेच जुन्या खात्याशी बांधलेले असतात, म्हणून क्रोमचं फोल्डर उतरवल्यावर बुकमार्क मिळतात, पासवर्ड मिळत नाहीत.

'बिटलॉकर' या विंडोजच्याच दुसऱ्या कूटलेखनाची गोष्ट आणखी सरळ. तिथे एखादं फोल्डर न अडता अख्खा ड्राइव्हच अडतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. मायक्रोसॉफ्टचं खातं वापरून सुरू केलेल्या अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांवर हे कूटलेखन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. किल्ली सहसा त्याच खात्यात ऑनलाइन ठेवलेली असते. आधी तिथे शोधावी. ती नाही म्हणजे नाही, आणि 'उघडून देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराला पैसे देऊ नयेत. काही पोर्टेबल ड्राइव्हमध्ये कूटलेखन केसिंगमधल्या सर्किटमध्येच केलेलं असतं. आतली डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घातली तर ती कोरी किंवा बिघडलेली भासते. मूळ केसिंग फेकू नये, ते यासाठी.

ढगातल्या फाइलींचं एक वेगळंच. २०१७ पासून वनड्राइव्ह फाइलीचं नुसतं नाव आणि चित्र डिस्कवर ठेवून मजकूर आपल्या सर्व्हरवर ठेवू शकतं. अशी फाइल जुन्या डिस्कवर दिसते, उतरत मात्र नाही, कारण ती तिथे नव्हतीच. तिच्यासाठी त्या खात्यात लॉगिन करावं.

डिस्क सेकंडहँड घेतलेली असेल आणि त्यावर दुसऱ्याचा संसार निघाला, तर वरचं सगळं ज्ञान गुंडाळून ठेवावं आणि डिस्क फॉरमॅट करावी. मालकाच्या परवानगीशिवाय माहिती उतरवून घेण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये जबाबदारी सांगितलेली आहे. पण कायदा नसता तरी परक्याचे घरगुती फोटो बघणं बरं नव्हे.

फोल्डर उघडल्यावर मराठी माणसापुढे एक अडचण उरते, जी इंग्रजीत लिहिणाऱ्यांना माहीत नसते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाइप केलेली पत्रं, स्मरणिका, पुस्तकांच्या संहिता उघडाव्यात तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. फाइल बिघडलेली नसते. श्रीलिपी, आकृती किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरांतले तेव्हाचे फॉन्ट देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवत. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला खरा, तरी छापखाने आणि डीटीपीवाले त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टांवर काम करत राहिले. तो फॉन्ट मशिनवर नसला की मजकूर वाचता येत नाही. सुदैवाने तो बहुतेक वेळा त्याच जुन्या डिस्कवर असतो, 'विंडोज'मधल्या 'फॉन्ट्स' या फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर वाचायला कुणी अडवत नाही. त्या विंडोजची जागा मोकळी करायच्या घाईत ते फोल्डर पुसू नये. आपल्याकडच्या कितीतरी लहान संस्थांच्या इतिवृत्तांचं आणि दिवाळी अंकांचं वाचनीय असणं त्या काही किलोबाइटच्या फाइलींवर अवलंबून आहे, आणि हे बोलायला हवं तितकं बोललं जात नाही. आधी फॉन्ट बसवून मजकूर वाचावा, मग परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीत. रफार आणि पहिली वेलांटी यांची परिवर्तनात हमखास गडबड होते.

सगळं उतरवून, उघडून, खात्री करून झालं की जुनी डिस्क पुन्हा साठवणीला घ्यायची. जुन्या विंडोजची फोल्डर एकेक करून पुसत बसण्यापेक्षा पूर्ण डिस्क फॉरमॅट करणं सोयीचं. झटपट, म्हणजे 'क्विक', फॉरमॅटने जुना मजकूर पुसला जात नाही, फक्त त्याची अनुक्रमणिका जाते. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्यं लिहितो. त्याला काही तास लागतात, पण डिस्क घराबाहेर जाणार असेल तर तोच करावा. घरात राहणार असेल आणि फक्त विंडोजवरच चालणार असेल, तर एनटीएफएस ठेवावं. टीव्हीला किंवा मॅकलाही जोडायची असेल तर एक्सफॅट घ्यावं. त्यात मालकीची नोंदच नसते. आणि एनटीएफएस ठेवलं, तर पुढे डिस्कवर काही ठेवाल ते ड्राइव्हवर थेट केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. त्याच्या यादीत 'ऑथेंटिकेटेड युजर्स' असतात, आणि दहा वर्षांनी येणाऱ्या मशिनलाही तो क्रमांक ओळखता येईल.